भोक कोणी पाडायचे? सेल्फ टॅपिंग आणि सेल्फ ड्रिलिंग स्क्रूंचा आढावा

सेल्फ टॅपिंग स्क्रू भोकाच्या भिंतीत स्वतःचे आटे स्वतःच पाडतो. त्याला नट लागत नाही, आधी टॅप फिरवून आटे पाडून ठेवावे लागत नाहीत; भोक मात्र आधी पाडून द्यावे लागते. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूला तेही लागत नाही. त्याचे टोक म्हणजे एक छोटे ड्रिल बिटच असते. ते पोलाद कापत आरपार जाते आणि मागून येणारे आटे त्या ताज्या भोकात आपली जागा करून घेतात. म्हणजे प्रत्येक सेल्फ ड्रिलिंग स्क्रू सेल्फ टॅपिंग असतोच. प्रत्येक सेल्फ टॅपिंग स्क्रू मात्र ड्रिलिंग करणारा नसतो. दुकानात दोन्ही ‘सेल्फ स्क्रू’ म्हणूनच मागितले जातात, त्यामुळे पुष्कळदा नको तो डबा हातात पडतो.

कामाच्या दृष्टीने दोन्हींत फरक पडतो तो भोकाचा व्यास कोण ठरवतो यामुळे. सेल्फ टॅपिंगमध्ये तो कारागीर ठरवतो: पत्रा किती जाड, धातू कोणता, स्क्रू किती घट्ट बसायला हवा, हे पाहून तो बिट निवडतो. सेल्फ ड्रिलिंगमध्ये व्यास कारखान्यातच ठरून आलेला असतो. ४.८ मिमी स्क्रूच्या आट्यांच्या तळाशी, म्हणजे गाभ्याला, सुमारे ३.६ मिमी व्यास असतो आणि ड्रिलच्या टोकाला जास्तीत जास्त ४.१ मिमी. भोक नेमके गाभा आणि आट्यांचा बाहेरचा व्यास या दोन मापांच्या मधले, ४.१ आणि ४.८ मधला भाग आट्यांच्या पकडीसाठी. हा हिशेब कारागिराच्या हातून निघून स्क्रूच्या टोकात गेला, तशी वेळेची मोठी बचत झाली. पण त्याबरोबर स्क्रूला किती जाडीचे पोलाद झेपेल यावरही मर्यादा आली. दोन्ही स्क्रूंचे बहुतेक गुणदोष या एका अदलाबदलीतून निघतात.

आधी जन्माला आला तो सेल्फ टॅपिंग. पत्र्यात बसणारा, कठीण केलेला असा स्क्रू १९१४ च्या सुमारास अमेरिकेत आला. त्याचा घाट लाकडाच्या स्क्रूवरून घेतलेला होता, पण आटे थेट डोक्यापर्यंत नेलेले होते. पार्कर-केलॉन या कंपनीने तो इतका रूढ केला की फ्रान्स आणि नेदरलँड्समध्ये अशा स्क्रूला आजही ‘पार्कर’ म्हणतात. मोटारी, फ्रीज, पंखे, हवा खेळवण्याच्या पत्र्याच्या नळ्या, जिथे जिथे पातळ पत्रा जोडायचा होता तिथे नट धरायला पलीकडून हात पोहोचत नसे. ती अडचण या स्क्रूने सोडवली. ड्रिलचे टोक असलेला स्क्रू बाजारात रुळला तो १९६० च्या दशकापासून. इलिनॉय टूल वर्क्स या अमेरिकी कंपनीचे ‘टेक्स’ हे व्यापारी नाव त्या प्रकाराला इतके चिकटले, की अनेक देशांत कोणत्याही कंपनीच्या सेल्फ ड्रिलिंग स्क्रूला ‘टेक स्क्रू’ म्हणण्याची पद्धत पडली.

सेल्फ टॅपिंगचे पुन्हा दोन वर्ग पडतात, आणि हा भेद जाणत्या मिस्त्रींकडूनही पुष्कळदा नजरेआड होतो. पहिला वर्ग आटे दाबून घडवतो. स्क्रू फिरतो तसे भोकाच्या कडेचे द्रव्य बाजूला सरकते, त्याचा कीस पडत नाही. द्रव्य दबून आट्यांना घट्ट बिलगते, म्हणून असा जोड थरथरीतही चटकन सैल होत नाही. पातळ पत्रा, मऊ ॲल्युमिनियम आणि लवचीक प्लॅस्टिक यांसाठी हाच प्रकार योग्य. दुसरा वर्ग आटे कापून पाडतो. त्याच्या टोकापाशी उभी खाच असते. तिची धार द्रव्य कापते आणि कीस खाचेत साठतो. ओतीव ॲल्युमिनियम, जस्ताचे डाय-कास्ट भाग, बेकेलाइटसारखे ठिसूळ प्लॅस्टिक, ही द्रव्ये दाबली तर सरकत नाहीत, तडकतात. तिथे कापणाराच स्क्रू हवा. मिक्सरच्या किंवा स्विचबोर्डच्या ठिसूळ खांबात दाबणारा स्क्रू घातला, तर तडा बहुधा लगेच दिसत नाही. काही महिन्यांनी तो खांबाच्या बुडापर्यंत उतरलेला असतो.

प्लॅस्टिकसाठीच्या स्क्रूंचे आटेही वेगळे असतात. पत्र्याच्या स्क्रूच्या आट्याचा कोन ६० अंश असतो; प्लॅस्टिकच्या खास स्क्रूंमध्ये तो साधारण ३० अंशांवर आणतात आणि आट्यांमधले अंतर वाढवतात. कोन निमुळता झाला की बाहेरच्या दिशेने पडणारा दाब घटतो आणि खांब फुटत नाही. भोकाचा व्यास स्क्रूच्या व्यासाच्या सुमारे ०.८ पट आणि आत शिरणारी लांबी व्यासाच्या किमान दुप्पट, हा या कामातला सर्वसाधारण ठोकताळा. असा स्क्रू काढून पुन्हा बसवताना तो आधी हलकेच उलटा फिरवावा. जुन्या आट्याच्या तोंडाशी तो ‘टक्’ करून खाली बसतो, मग सरळ फिरवावा. तसे न केल्यास जुन्या आट्यांना छेदून नवे आटे पडतात आणि दोन-तीन वेळा खोलल्यावर स्क्रू नुसताच फिरू लागतो.

धातूच्या पत्र्यात भोकाच्या मापाला फार महत्त्व आहे. ४.२ मिमी स्क्रूचा गाभा ३.१ मिमीचा. पातळ पत्र्यात त्यासाठी साधारण ३.२ ते ३.३ मिमीचे भोक पाडतात, जाड पत्र्यात ३.५ किंवा त्याहून थोडे मोठे. पत्रा जाड तसे जास्त आटे एकाच वेळी पाडायचे असतात. भोक लहान राहिले तर जोर इतका लागतो की स्क्रूचे डोके तुटून हातात येते. उलट पातळ पत्र्यात भोक सैल झाले तर पकडायला काही उरतच नाही. ०.५ मिमी पत्रा आणि १.४ मिमी अंतरावरचे आटे हा जोड डोळ्यांसमोर आणला तर कळते, की पत्र्याला एक पूर्ण आटाही मिळत नाही. भोकाची कड किंचित वर वळून आट्याच्या उतारावर टेकते आणि सारा भार तिथेच तोलला जातो. म्हणून पातळ पत्र्यावर अर्धा फेरा जास्त पडला तरी आटे मरतात.

टोकांचेही प्रकार आहेत. आंतरराष्ट्रीय मानकांत शंकूसारखे अणकुचीदार आणि सपाट कापलेले अशी दोन टोके मुख्य मानली जातात. अणकुचीदार टोक दोन पत्र्यांची भोके किंचित सरकलेली असली तरी वाट शोधून घेते. सपाट टोक मागच्या वायरीला किंवा हाताला इजा करत नाही, म्हणून विजेच्या पेट्यांत ते बरे. अणकुचीदार टोकाचे काही स्क्रू अगदी पातळ पत्रा भोकाशिवायही टोचून पार करतात. जिप्समच्या छतात आणि पार्टिशनमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या चॅनेलवर जे काळे स्क्रू मारले जातात, ते याच जातीचे. ते ड्रिल करत नाहीत, टोचून पत्रा फाकवतात. चॅनेल जाड निघाले की ते जागच्या जागी फिरून तापतात, आणि तिथे ड्रिलच्या टोकाचा जिप्सम स्क्रूच घ्यावा लागतो. हे काळे स्क्रू कठीण पण ठिसूळ असतात आणि त्यांच्यावरचा फॉस्फेटचा थर गंजापासून फारसे रक्षण करत नाही. कपाट टांगायला किंवा गच्चीवरच्या कामाला ते वापरणे सरळसरळ धोक्याचे आहे.

सेल्फ ड्रिलिंग स्क्रूमध्ये सगळी करामत टोकात असते. तारेपासून डोके ठोकून काढल्यावर दोन साच्यांच्या मध्ये दुसरे टोक चिमटून त्याला ड्रिलचा आकार देतात, मग लाटून आटे पाडतात, आणि शेवटी कार्बनयुक्त वातावरणात तापवून पृष्ठभाग कठीण करतात. आतला गाभा तुलनेने चिवट ठेवला जातो, नाहीतर स्क्रू काचेसारखा तुटेल. आयएसओ मानकांनुसार सेल्फ टॅपिंग स्क्रूच्या पृष्ठभागाची कठिणता किमान ४५० विकर्स लागते, तर ड्रिलिंग स्क्रूची किमान ५३०. ज्यात तो शिरतो ते साधे बांधकामाचे पोलाद साधारण १२० ते १६० विकर्सचे असते. आटे पाडायला लागते त्याहून जास्त कठिणता कापायला लागते. ड्रिलच्या धारेवर उष्णता आणि घर्षण दोन्ही एकवटतात.

टोकाच्या लांबीविषयी मात्र थोडे थांबून समजून घेतले पाहिजे, कारण साइटवर मोडणाऱ्या बहुसंख्य स्क्रूंचे कारण इथे आहे. ५.५ मिमी स्क्रूचे आटे १.८ मिमी अंतरावर असतात, म्हणजे आट्यांची पकड बसली की एका फेऱ्यात स्क्रू १.८ मिमी पुढे जायलाच हवा. ड्रिलचे टोक एका फेऱ्यात मिलिमीटरचा एक लहानसा अंश कापते. या दोन गती एकत्र नांदू शकत नाहीत. म्हणून टोकाने सगळे पोलाद भेदून पलीकडे पाऊल ठेवल्यानंतरच पहिला आटा पोलादाला भिडला पाहिजे. टोक आतच असताना आटे लागले, तर आटे पुढे ओढतात आणि ड्रिल अडते. मग टोक तुटते, आटे सोलून निघतात किंवा वरचा पत्रा खालच्या पर्लिनपासून, म्हणजे छपराचा पत्रा पेलणाऱ्या आडव्या पोलादी दांड्यापासून, उचलला जातो. ड्रिलच्या पन्हळीची लांबी म्हणूनच जाडीची कमाल मर्यादा ठरवते. कीसही याच पन्हळीतून बाहेर पडतो. ती पूर्ण पोलादात बुडाली की कीस कोंडतो आणि टोक जळून निळे पडते.

मानकांत या मर्यादा मापानुसार दिलेल्या आहेत. ४.२ मिमी स्क्रूसाठी एकूण जाडी १.७५ ते ३ मिमी, ४.८ साठी ४.४ मिमीपर्यंत, ५.५ साठी ५.२५ आणि ६.३ साठी २ ते ६ मिमी. एकूण जाडी म्हणजे वरचा पत्रा, खालचे पर्लिन आणि दोहोंमधली फट यांची बेरीज. फट विसरली जाते आणि तिथेच हिशेब चुकतो. बाजारात टोके क्रमांकांनी ओळखली जातात. क्रमांक जितका मोठा तितके टोक लांब; ५ क्रमांकाचे लांब टोक सुमारे १२ मिमी जाडीच्या अँगल-चॅनेलसाठी असते. उलट दोन पातळ पत्रे एकमेकांना शिवायचे असतील तर मुद्दाम बारीक टोकाचे स्क्रू घेतात, म्हणजे भोक लहान राहून आट्यांना जास्त पत्रा मिळतो. लाकडी फळी किंवा प्लायवूड लोखंडी सांगाड्यावर बसवण्यासाठी टोकाच्या वर दोन लहान पंख असलेला स्क्रू मिळतो. पंख लाकडात मोठे भोक करतात, त्यामुळे आटे लाकडाला धरून ते वर उचलत नाहीत. पोलाद लागताच पंख मोडून पडतात.

पाकिटावर लिहिलेली लांबी टोकासह मोजलेली असते. पकडीसाठी उपयोगी लांबी त्याहून कमी, आणि लांब टोकाच्या स्क्रूत हा फरक बराच मोठा असतो.

यंत्राचा वेगही दोन्हींत सारखा चालत नाही. सेल्फ टॅपिंग हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने किंवा मंद यंत्राने बसतो. ड्रिलिंग स्क्रूला नेहमीच्या ५ मिमीच्या आसपासच्या मापासाठी मिनिटाला १८०० ते २५०० फेरे लागतात, ६.३ मिमीला त्याहून कमी. वेग अति झाला तर धार तापून मऊ पडते. दाब कमी पडला तर टोक कापण्याऐवजी घासत राहते. हातोडीसारखे ठोके देणारे इम्पॅक्ट ड्रायव्हर आजकाल सर्रास वापरले जातात, पण त्यांच्या झटक्यांनी कठीण टोके मोडतात आणि शेवटी किती घट्ट झाले याचा अंदाज राहत नाही. खोली ठरवून आपोआप थांबणारी स्क्रू गन हेच या कामाचे योग्य हत्यार.

पत्र्याच्या छपरावर याचा प्रत्यय ठळकपणे येतो. पूर्वी सिमेंटचे किंवा जस्ताचे पत्रे भोक पाडून जे-हुक आणि डांबरी वॉशरने बसवले जात. आता रंगीत पत्र्यांवर षटकोनी डोक्याचे, रबरी वॉशरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू लागतात. एक माणूस वरूनच, पर्लिनखाली कोणी नसताना, काम उरकतो. पाणी अडवतो तो वॉशर. तो ईपीडीएम रबराचा असावा आणि धातूच्या चकतीच्या कडेबाहेर किंचित फुगलेला दिसेल इतकाच दाबला जावा. रबर बाहेर पसरून चुरगळले तर दोन-तीन उन्हाळ्यांत ते फाटते. कोरडे, सैल राहिले तर पहिल्याच पावसात गळते. स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर मारला तर पाणी बाजूने वाहून जाते, पण खाली आधार नसल्याने माथा चेपण्याची भीती असते आणि स्क्रूची लांबी माथ्याच्या उंचीइतकी वाढवावी लागते.

वारा छप्पर वर ओढतो तेव्हा जोड दोन प्रकारे सुटतो: स्क्रू पर्लिनमधून उपटतो, किंवा पत्रा वॉशरच्या भोवती फाटून डोक्यावरून निघून जातो. थंड वळवलेल्या पोलादासाठीच्या अमेरिकी संहितेनुसार उपटण्याची ताकद म्हणजे ०.८५ गुणिले पर्लिनची जाडी, स्क्रूचा व्यास आणि पोलादाची ताणशक्ती. पर्लिन २ मिमी, स्क्रू ५.५ मिमी आणि ताणशक्ती ४०० मेगापास्कल धरली तर उत्तर येते ३७४० न्यूटन. सुरक्षेसाठी ३ ने भागले की सुमारे १२५० न्यूटन, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपासचा भार. तेच पर्लिन १ मिमीचे असेल तर ताकद निम्मी. स्क्रू कितीही उत्तम असला तरी पातळ पर्लिनचा उणेपणा तो भरून काढत नाही. भारतीय वाऱ्याच्या भाराचे मानक, आयएस ८७५ भाग ३, छपराच्या कडा आणि कोपऱ्यांवर मधल्या भागापेक्षा जास्त ओढ धरते, म्हणून तिथे स्क्रू जवळजवळ मारावे लागतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन आणि आसपासच्या गावांत असंख्य घरांचे पत्रे उडाले. किनाऱ्यावरच्या छपराचा विचार करताना कडेच्या ओळीतले चार स्क्रू वाचवणे कोणालाही परवडणारे नाही.

किनाऱ्यावर दुसरा शत्रू गंज. साध्या स्क्रूवर जस्ताचा इलेक्ट्रोप्लेटिंगचा थर काही मायक्रॉनचाच असतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तो झपाट्याने संपतो. ऑस्ट्रेलियाच्या एएस ३५६६ या मानकात गंजरोधकतेचे चार वर्ग आहेत, त्यांपैकी चौथा खाऱ्या किंवा तीव्र वातावरणासाठी. ३०४ किंवा ३१६ स्टेनलेस स्टील वापरावे असे मनात येते, पण ते उष्णता देऊन कठीण करता येत नाही, म्हणून पोलादात ड्रिल करू शकत नाही. सेल्फ टॅपिंगमध्ये हा अडसर येत नाही: भोक आधीच पाडलेले असते आणि ॲल्युमिनियममध्ये किंवा पातळ पत्र्यात स्टेनलेसचा स्क्रू सहज आटे पाडतो. ड्रिलिंगसाठी दोन धातूंचा स्क्रू बनवतात, अंग स्टेनलेसचे आणि टोक जोडलेल्या कार्बन पोलादाचे. काम झाल्यावर ते टोक पर्लिनच्या आतल्या बाजूला राहून गंजले तरी पकडीला बाध येत नाही. ४१० प्रकारचे स्टेनलेस कठीण होते आणि ड्रिलही करते, पण समुद्राजवळ ते ३०४ च्या तोडीचे टिकत नाही. ‘स्टेनलेस सेल्फ ड्रिलिंग’ एवढेच पाहून घेणाऱ्याची इथे निराशा होते.

प्लेटिंग करताना कठीण पोलादात हायड्रोजन शिरतो, हाही एक दबा धरून बसलेला दोष आहे. स्क्रू बसवताना काही जाणवत नाही. ताणाखाली काही तासांनी किंवा दिवसांनी डोके अचानक उडते. प्लेटिंगनंतर सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास भाजून हायड्रोजन घालवतात. स्वस्त मालात नेमकी हीच पायरी गाळलेली असते, आणि ती बाहेरून ओळखता येत नाही. ड्रिलिंगने पडणारा लोखंडी कीस मात्र डोळ्यांना दिसतो: रंगीत पत्र्यावर तो तसाच राहिला तर पहिल्या पावसात तांबूस डाग धरतो. दिवसाचे काम संपताच ब्रशने छप्पर झाडून घेणे एवढाच त्यावर उपाय.

निवड करताना दोघांची क्षेत्रे बरीचशी वेगळी पडतात. कारखान्यात जिथे भोके पंचिंगनेच पडून येतात, किंवा ॲल्युमिनियमच्या सेक्शनच्या पोटात स्क्रूसाठी पन्हळ ठेवलेली असते, तिथे ड्रिलच्या टोकासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. खिडक्यांच्या चौकटी, यंत्रांची झाकणे, प्लॅस्टिकची कवचे, मोटारीतले आतले भाग हा सेल्फ टॅपिंगचा प्रांत. लोखंडी सांगाड्यावर उभे राहून शेकडो भोके पाडायची असतात तिथे ड्रिलिंग. वारंवार उघडावे लागणारे झाकण असेल तर दोन्ही टाळून नट, रिव्हेट नट किंवा मशीन स्क्रू घेणे शहाणपणाचे.

‘सेल्फ ड्रिलिंग’ असे लिहिलेले लाकडाचे स्क्रूही मिळतात. त्यांच्या टोकाला लाकूड कापणारी खाच असते. लाकूड फुटू नये म्हणून ती उत्तम, पण पोलादाला ती ओरखडाही काढत नाही.

जुन्या छपराच्या दुरुस्तीत दोन्ही प्रकार एकत्र येतात. आटे मेलेला ५.५ मिमीचा स्क्रू काढून त्याच भोकात नवा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू घातला, तर त्याच्या टोकाला कापायला काही उरलेले नसते आणि आटेही जुन्याच सैल जागी फिरतात. इथे ६.३ मिमीचा, ड्रिलचे टोक नसलेला सेल्फ टॅपिंग स्क्रू घ्यावा: तयार भोकाच्या कडेत तो नवे आटे पाडतो. पर्लिन गंजून भोकाभोवती पातळ झाले असेल तर तोही धरत नाही. मग जुने भोक सीलंटने बुजवून, बाजूच्या शाबूत पोलादात नवा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारावा लागतो.